युरोपात खाटा आहेत, पाळीला कोण?

३० ऑगस्ट २०२२ रोजी पोर्तुगालच्या आरोग्यमंत्री मार्ता तेमिदो यांनी राजीनामा दिला. कोविडकाळात त्या देशातल्या सर्वांत लोकप्रिय मंत्र्यांत गणल्या जात. राजीनाम्याच्या काही तास आधी एक बातमी बाहेर आली होती. लिस्बनला फिरायला आलेल्या ३४ वर्षांच्या एका गरोदर भारतीय महिलेला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेण्यात आले. तिथल्या नवजात शिशू विभागात जागा नव्हती, म्हणून तिला दुसऱ्या रुग्णालयात हलवायचे ठरले आणि वाटेत रुग्णवाहिकेतच तिचे हृदय बंद पडले. तातडीची शस्त्रक्रिया करून बाळाला वाचवता आले. आई वाचली नाही.

त्या एका मृत्यूचे खापर केवळ जागेच्या टंचाईवर फोडणे घाईचे होईल. पण पोर्तुगालमधल्या लोकांना ती बातमी एकटी वाटली नाही. त्या उन्हाळ्यात देशातल्या कितीतरी रुग्णालयांचे प्रसूतीचे आपत्कालीन विभाग काही दिवस, काही रात्री बंद राहत होते. खाटा जागेवर होत्या, यंत्रे होती, शस्त्रक्रियागृह होते. रजेच्या दिवसांत पाळी भरायला स्त्रीरोगतज्ज्ञ नव्हते. गंमत अशी की दर हजार लोकसंख्येमागे नोंदणीकृत डॉक्टर मोजले तर पोर्तुगाल युरोपात अगदी वरच्या ओळीत बसतो. नोंदवहीत निवृत्त झालेले, खासगीत गेलेले आणि सरकारी नोकरीत असूनही रात्रपाळी न करणारे असे सगळेच असतात. प्रसूतिवेदना सुरू झालेल्या बाईला मात्र रात्री दोन वाजता ड्युटीवर असलेला डॉक्टर हवा असतो.

तिथला आपत्कालीन विभाग वर्षानुवर्षे ओव्हरटाइमवर चालत आला. वर्षाला १५० तासांपेक्षा जास्त ओव्हरटाइमची सक्ती डॉक्टरांवर करता येत नाही, असा नियम आहे. ही मर्यादा कागदावर होती आणि सगळे ती ओलांडत होते. २०२३मध्ये मोठ्या संख्येने डॉक्टरांनी ‘१५० तास झाले, यापुढे नाही’ असे लेखी कळवले आणि एकामागून एक विभाग अडखळू लागले. एखाद्या देशाची आरोग्यव्यवस्था किती मोठी आहे हे सांगताना आपण अजूनही खाटा मोजतो. युरोपातल्या गेल्या काही वर्षांच्या घडामोडी पाहिल्या तर ही मोजपट्टीच फसवी असल्याचे दिसते.

खाटा कमी झाल्या, आणि त्यात गैर काय?

युरोपीय संघातल्या २७ देशांत मिळून रुग्णालयांत २३ लाखांच्या आसपास खाटा आहेत. एक लाख लोकसंख्येमागे २०१२च्या सुमारास साडेपाचशेहून थोड्या अधिक खाटा होत्या, २०२२मध्ये त्या ५१५च्या घरात आल्या. सरासरीच्या आत देशादेशांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बल्गेरियात लाखामागे आठशेहून अधिक खाटा, जर्मनीत साडेसातशेच्या वर, स्वीडनमध्ये जेमतेम १९०. म्हणजे बल्गेरियातल्या माणसाच्या वाट्याला स्वीडनच्या चौपट खाटा येतात. तरीही स्वीडनमधले सरासरी आयुर्मान ८३ वर्षांच्या पुढे आहे आणि बल्गेरियातले युरोपीय संघात सर्वांत कमी, ७५च्या आसपास. आयुर्मान केवळ रुग्णालयांवर ठरत नाही हे खरे. पण खाटा जास्त म्हणजे आरोग्य उत्तम, हा समज सोडून देण्यास एवढा पुरावा पुरेसा आहे.

खाटा घटण्यामागे वैद्यकशास्त्राची प्रगती आहे. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला १९५०च्या दशकात पाच-सहा आठवडे अंथरुणावरून हलू देत नसत. आज अँजिओप्लास्टी होऊन तो तीन-चार दिवसांत घरी जातो. मोतीबिंदूसाठी रात्रभर राहावे लागत नाही. पित्ताशय दुर्बिणीतून निघते. क्षयाची औषधे आली तशी डोंगरावरची सॅनेटोरियमे ओस पडली. मनोरुग्णालयांचीही तीच गत झाली. इटलीने १९७८मध्ये कायदा करून ती टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली, इतरांनी आपापल्या गतीने तीच वाट धरली. इंग्लंडमध्ये १९८७-८८ साली सरकारी रुग्णालयांत जवळपास तीन लाख खाटा होत्या, २०१९-२०मध्ये त्या १ लाख ४१ हजारांच्या आसपास उरल्या. त्या गेलेल्या खाटांपैकी फार मोठा भाग मानसिक आजारांच्या आणि दीर्घकाळ राहणाऱ्या वृद्धांच्या खाटांचा होता.

तेव्हा खाटा घटल्या हे वाईटच झाले, असा सूर लावण्यात अर्थ नाही. प्रश्न किती घटवायच्या हा आहे, आणि त्याला एक गणिती उत्तरही आहे. यॉर्कच्या संशोधकांनी १९९९मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक प्रारूप मांडले. रुग्ण एसटीच्या वेळापत्रकाप्रमाणे येत नाहीत. एखाद्या मंगळवारी दहा येतात, बुधवारी पंचवीस. सरासरीने ८५ टक्के खाटा भरलेल्या असतील तोवर हा चढउतार पोटात घेता येतो. त्यापुढे धोका दिसू लागतो. ९० टक्क्यांच्या वर गेले की खाट न मिळण्याचे प्रसंग नेहमीचेच होतात. म्हणजे रुग्णालयातली रिकामी खाट हा उधळपट्टीचा पुरावा नव्हे, अग्निशमन दलाच्या उभ्या बंबासारखी ती तयारी असते. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात हे प्रमाण ९२ ते ९५ टक्क्यांपर्यंत जाते. मग आपत्कालीन विभागाच्या बोळात स्ट्रेचर आणि बाहेर रुग्णवाहिकांची रांग, हे दृश्य दर जानेवारीत वृत्तवाहिन्यांवर दिसते.

त्या भरलेल्या खाटांवर कोण असते, हे पाहिले तर गोष्ट आणखी वेगळी होते. २०२२-२३च्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये रोज १३ हजारांच्या आसपास रुग्ण असे होते, ज्यांना डॉक्टरांनी ‘घरी जायला हरकत नाही’ असे म्हटले होते. तरी ते तिथेच होते. बहुतेक वृद्ध. घरी एकटे राहणाऱ्या ऐंशी वर्षांच्या बाईला आंघोळ घालायला, औषध द्यायला, जेवण गरम करून द्यायला दिवसातून दोनदा कोणी येणार असेल तरच तिला सोडता येते. असे काम करणारी माणसे नाहीत म्हणून खाट अडते आणि खाट अडते म्हणून रुग्णवाहिका अडते. रुग्णालयाच्या दारातली कोंडी सोडवायची चावी अशी रुग्णालयाबाहेर, कमी पगाराच्या एका नोकरीत असते.

जर्मनीचे कोडे

खाटांच्या बाबतीत जर्मनी हा श्रीमंत देश. २०२०च्या वसंतात इटलीच्या लोम्बार्डीत अतिदक्षता विभाग ओसंडून वाहत होते, तेव्हा जर्मनीने इटली आणि फ्रान्समधून विमानाने रुग्ण आणून त्यांच्यावर उपचार केले. लाख लोकसंख्येमागे इटलीत अतिदक्षतेच्या नऊपेक्षाही कमी खाटा होत्या, जर्मनीत त्याच्या जवळपास चौपट. बर्लिनमध्ये बसून वर्षानुवर्षे ‘आपल्याकडे रुग्णालये फार झाली’ म्हणणाऱ्या अर्थतज्ज्ञांना त्या महिन्यांत गप्प बसावे लागले. २०१९मध्येच बेर्टेल्समान फाउंडेशनच्या एका अहवालाने सुमारे १,४०० रुग्णालयांची संख्या सहाशेच्या खाली आणावी असे सुचवले होते. कोविड आला आणि अहवाल बाजूला पडला.

पण दीड वर्षाने, २०२१च्या शरद ऋतूत त्याच जर्मनीत अतिदक्षतेच्या खाटा कमी पडू लागल्या. खाटा कोणी उचलून नेल्या नव्हत्या, व्हेंटिलेटरही जागेवर होते. थकलेल्या परिचारिकांनी काम सोडले होते किंवा तास कमी करून घेतले होते. अतिदक्षता विभागात दिवसपाळीला दोन रुग्णांमागे किमान एक परिचारिका हवी, असा तिथे नियम आहे. ती नसेल तर खाट चालू खाटांच्या यादीतून काढावी लागते. त्यामुळे रुग्णालयाच्या इमारतीत दिसणाऱ्या खाटा आणि प्रत्यक्ष रुग्ण घेता येईल अशा खाटा हे दोन वेगळे आकडे झाले. यातला दुसरा आकडा परिचारिकांच्या हजेरीपटावर ठरतो.

ही वेळ का आली याची मुळे जुनी आहेत. १९९१मध्ये जर्मनीत २,४११ रुग्णालये आणि ६ लाख ६५ हजार खाटा होत्या. रुग्ण सरासरी १४ दिवस राहत असे. २०२२मध्ये १,८९३ रुग्णालये आणि ४ लाख ८० हजार खाटा उरल्या, मुक्काम सात दिवसांवर आला. आणि इतक्या कपातीनंतरही सुमारे ३० टक्के खाटा रिकाम्याच. मधल्या काळात पैसे देण्याची पद्धत बदलली होती. २००४पासून रुग्णालयाला प्रत्येक आजारामागे ठरलेली रक्कम मिळू लागली, रुग्ण कितीही दिवस राहो. इमारती आणि यंत्रसामग्रीचा खर्च राज्य सरकारांनी करायचा असा १९७२पासूनचा कायदा, पण राज्यांनी हात आखडता घेतला. मग रुग्णालयांनी छप्पर दुरुस्त करण्याचे पैसे उपचारांच्या कमाईतून काढायला सुरुवात केली. जास्त शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरमुळे कमाई वाढते. परिचारिका ताळेबंदात फक्त खर्चाच्या बाजूला दिसते. त्यामुळे पदे कुठे कापली गेली हे वेगळे सांगायला नको. जर्मन सरकारला हे उमगायला पंधरा वर्षे लागली. २०२०मध्ये परिचर्येचा खर्च त्या ठोक रकमेतून बाहेर काढून वेगळा देण्याचा नियम आला.

तोवर परिचारिकांनी आपल्या परीने उत्तर दिले होते. बर्लिनच्या शारिटे या प्रसिद्ध विद्यापीठ रुग्णालयात २०१५मध्ये संप झाला तो पगारवाढीसाठी नव्हता. एका पाळीत किती रुग्णांमागे किती परिचारिका असाव्यात, हे करारात लिहून द्या, एवढीच मागणी होती. २०२१मध्ये बर्लिनमध्ये पुन्हा तेच झाले. २०२२मध्ये नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यातल्या विद्यापीठ रुग्णालयांत हाच संप अकरा आठवडे चालला. कामगार चळवळीच्या इतिहासात पैशांपेक्षा जोडीदार मागणारे संप फारसे सापडत नाहीत.

त्यांच्या मागणीला विज्ञानाचा भक्कम आधार आहे. ‘लॅन्सेट’मध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात नऊ युरोपीय देशांतली ३०० रुग्णालये आणि शस्त्रक्रिया झालेले चार लाखांहून अधिक रुग्ण तपासले गेले. परिचारिकेवरचा भार एका रुग्णाने वाढला की रुग्ण तीस दिवसांच्या आत दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असा निष्कर्ष निघाला. त्या वेळी नॉर्वेत एका परिचारिकेमागे पाचच्या आसपास रुग्ण होते, स्पेनमध्ये तेराच्या आसपास. असा अभ्यास कार्यकारणभाव सिद्ध करत नाही, फक्त संबंध दाखवतो. पण वॉर्डात काम केलेल्या कोणालाही त्याचे नवल वाटणार नाही. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचा श्वास जड होऊ लागला, लघवी कमी झाली, तो नेहमीपेक्षा गप्प झाला, हे सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात येते? तेरा रुग्णांमागे धावणाऱ्या परिचारिकेला ते तासाभराने कळते.

ऑक्टोबर २०२४मध्ये जर्मन संसदेने रुग्णालय सुधारणा कायदा मंजूर केला आणि १ जानेवारी २०२५पासून तो लागू झाला. प्रत्येक रुग्णालयाने सगळे काही करायचे नाही, ज्याच्याकडे तज्ज्ञ आणि यंत्रणा आहे त्यानेच ती शस्त्रक्रिया करायची, आणि उत्पन्नाचा मोठा हिस्सा केलेल्या शस्त्रक्रियांऐवजी ठेवलेल्या तयारीसाठी मिळायचा, असा त्याचा गाभा. बदलासाठी दहा वर्षांत ५० अब्ज युरोचा निधी ठरला आहे. गावातले रुग्णालय जाणार म्हणून लहान शहरांत विरोध आहे, आणि नंतर आलेल्या सरकारने वेळापत्रक सैल करायला घेतले. तरीही मनुष्यबळ पातळ पसरण्यापेक्षा एकत्र आणावे, ही दिशा योग्यच म्हणावी लागेल.

ही दिशा डेन्मार्कने २००७मध्येच धरली होती. पाच नवे प्रांत आखून आपत्कालीन सेवा देणारी रुग्णालये सुमारे चाळीसवरून २१वर आणली, १६ मोठे बांधकाम प्रकल्प हाती घेतले. राजधानी परिसरात २०१४पासून आपत्कालीन विभागात जाण्याआधी फोन करावा लागतो. पलीकडून परिचारिका किंवा डॉक्टर सांगतो, या किंवा येऊ नका. नगरपालिकेच्या परिचारिका घरी जाऊन सलाइनपर्यंतची कामे करतात. खाटा कमी ठेवायच्या तर हे सगळे हवे, याचा हा वस्तुपाठ मानला जातो. पण तिथेही २०२१च्या उन्हाळ्यात परिचारिका दहा आठवडे संपावर होत्या. १९६९च्या एका वेतन सुधारणेत त्यांचा पेशा ‘बायकांचा’ म्हणून खालच्या श्रेणीत बसवला गेला, तो फरक अजून भरून निघालेला नाही, ही त्यांची तक्रार. अखेर संसदेने कायदा करून संप मोडला. त्यानंतर कितीतरी जणींनी सरकारी नोकरी सोडून खासगी एजन्सी धरली. डेन्मार्कसारख्या व्यवस्थेत खाटांचे गणित इतके घट्ट बसवलेले असते की माणसे थोडी जरी कमी झाली तरी ते उसवते.

पूर्वेकडची रिकामी पदे

युरोपच्या पूर्वेकडे खाटांचा सुकाळ आहे तो सोव्हिएत वळणाच्या नियोजनातून आलेला. तिथे खाटांचे लक्ष्य ठरलेले असे. बल्गेरियात तो वारसा नव्या विमा व्यवस्थेनेही जपला, कारण पैसा दाखल रुग्णामागे मिळतो आणि त्यामुळे साध्या दुखण्यासाठीही दाखल करून घेतले जाते. मात्र दर हजार लोकसंख्येमागे परिचारिका चारच्या आसपास, म्हणजे युरोपीय संघाच्या सरासरीच्या निम्म्या. खाटांत पहिला आणि परिचारिकांत तळाशी, असे हे एकाच देशाचे चित्र आहे. ग्रीसचे दुखणे सख्ख्या भावासारखे: डॉक्टर भरपूर, परिचारिका तुटपुंज्या, आणि बेटांवर दोन्ही नाहीत.

रुमानिया १ जानेवारी २००७ रोजी युरोपीय संघात आला. संघाच्या नियमानुसार एका देशातली डॉक्टर किंवा परिचारिकेची पदवी दुसऱ्या देशात आपोआप मान्य होते. पुढच्या दहा वर्षांत फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, इटलीकडे डॉक्टरांची रीघ लागली. जिल्ह्याच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ उरेनात. २०१८मध्ये सरकारने सरकारी डॉक्टरांचे पगार जवळपास दुप्पट केले आणि जाणाऱ्यांचा ओघ कमी झाला. पगाराने सगळेच प्रश्न सुटतात असे नाही, पण पगाराने काहीच होत नाही असे म्हणणाऱ्यांनी रुमानियाकडे पाहावे. आणखी एक विनोद असा की क्लुज शहरात फ्रेंच माध्यमाचे वैद्यकीय शिक्षण मिळते. मायदेशी प्रवेश न मिळालेली फ्रेंच मुले तिथे शिकायला जातात आणि डॉक्टर होऊन फ्रान्सला परततात.

फ्रान्समध्ये प्रवेश का मिळत नसे, याची कथा धोरणकर्त्यांनी वाचण्यासारखी आहे. १९७१मध्ये वैद्यकीय प्रवेशांवर मर्यादा आली. सुरुवातीला वर्षाला साडेआठ हजार जागा होत्या, १९९३पर्यंत त्या साडेतीन हजारांवर आणल्या गेल्या. डॉक्टर कमी तर तपासण्या कमी, औषधे कमी, खर्च कमी, असे त्यामागचे तर्कशास्त्र. डॉक्टर तयार व्हायला दहा वर्षे लागतात आणि तो पस्तीस वर्षे काम करतो. १९९३च्या काटकसरीचे बिल त्यामुळे २०२०नंतर आले, सत्तरच्या दशकातली मोठी पिढी निवृत्त व्हायला लागल्यावर. मर्यादा २०२०मध्ये उठली, पण तिचा फायदा दिसायला पुढचा दशकभराचा काळ जाईल. तोवर अनेक गावांतले आपत्कालीन विभाग रात्री दार बंद ठेवतात. आधी १५ क्रमांकावर फोन, मग प्रवेश. २०१३ ते २०२३ या दहा वर्षांत फ्रान्सने रात्रभर राहण्याच्या ४० हजारांहून अधिक खाटा कमी केल्या. काही दिवसभराच्या उपचारांकडे वळवल्या म्हणून, आणि अलीकडच्या वर्षांत बऱ्याचशा माणसे नाहीत म्हणून. दोन्ही कारणांची खाट आकडेवारीत सारखीच दिसते.

इटलीत तर निम्म्याहून अधिक डॉक्टर ५५ वर्षे ओलांडलेले आहेत. आर्थिक शिस्तीसाठी आरोग्य कर्मचाऱ्यांवरचा खर्च २००४च्या पातळीच्याही किंचित खाली बांधून ठेवण्यात आला होता. निवृत्तांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. दक्षिणेकडच्या कालाब्रिया प्रांताची आरोग्यसेवा कर्जबाजारीपणामुळे २०१०पासून केंद्राच्या देखरेखीखाली होती. २०२२मध्ये या प्रांताने थेट क्युबाशी करार केला, सुमारे ५०० डॉक्टरांसाठी. पहिली तुकडी त्या वर्षअखेरीस पोहोचली. जगातल्या सात श्रीमंत देशांच्या गटात बसणाऱ्या राष्ट्राला कॅरिबियन बेटावरून डॉक्टर मागवावे लागले. कालाब्रियातल्या रुग्णांना त्यात मानापमान वाटला नाही, डॉक्टर आला याचेच समाधान होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने सप्टेंबर २०२२मध्येच या परिस्थितीला टिकटिकणारा बॉम्ब म्हटले होते. त्यांच्या कक्षेतल्या ४४ देशांपैकी १३ देशांत ४० टक्के किंवा त्याहून अधिक डॉक्टर ५५ वर्षांवरचे होते. युरोपीय संघात डॉक्टर, परिचारिका आणि सुईणी मिळून सुमारे १२ लाखांची तूट आहे, असा २०२२चा अंदाज आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने मांडला. त्याच अहवालातली दुसरी नोंद अधिक काळजीची आहे. परिचारिका व्हायचे आहे असे सांगणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलामुलींचे प्रमाण निम्म्याहून अधिक देशांत घटले आहे. कोविडमध्ये टाळ्या वाजवताना त्यांनी आपल्या आयांचे, मावश्यांचे चेहरेही पाहिले असणार.

मराठवाड्यातून श्टुटगार्टला

ही तूट कोण भरणार, याचे उत्तर ब्रिटनने सर्वांत आधी दिले. ब्रेक्झिटच्या सार्वमताआधीच्या वर्षात युरोपीय देशांतून नऊ हजारांहून अधिक परिचारिका ब्रिटनच्या नोंदवहीत नव्याने आल्या होत्या. दोन वर्षांत हा आकडा हजाराच्याही खाली गेला. सार्वमत हे एक कारण, इंग्रजीची कडक केलेली परीक्षा हे दुसरे. रिकामी जागा फिलिपिन्स आणि त्याहून अधिक भारताने भरली. आयर्लंडमध्ये तर निम्म्या परिचारिका परदेशात शिकलेल्या आहेत आणि त्यांत भारतीयांची संख्या मोठी आहे. वृद्धांची घरी जाऊन सेवा करणाऱ्यांसाठी ब्रिटनने २०२२मध्ये व्हिसा खुला केला, २०२४मध्ये कुटुंब आणायला बंदी घातली आणि जुलै २०२५मध्ये परदेशातून नवी भरतीच थांबवली. तीन वर्षांत दार उघडले, अर्धे लोटले, बंद केले. खाटेवर अडकलेली ऐंशी वर्षांची बाई मात्र तिथेच आहे.

जर्मनी या स्पर्धेत उशिरा उतरला. डिसेंबर २०२१मध्ये जर्मन रोजगार यंत्रणेने केरळ सरकारच्या संस्थेशी परिचारिकांसाठी करार केला. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी दहा हजार कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्याच्या यादीत चालक, वीजतंत्री, गवंडी यांच्याबरोबर परिचारिका, प्रयोगशाळा सहायक आणि वृद्धांची शुश्रूषा करणारेही आहेत. नांदेड-लातूरकडच्या नर्सिंग महाविद्यालयांतल्या मुलींसाठी ही मोठी संधी आहे, यात शंका नाही. तिच्या घरातले हिशेब आकडेमोडीच्या लेखांपेक्षा निकडीचे असतात. पण वाट सोपी नाही. जर्मन भाषेची बी-२ पातळी गाठावी लागते, पदवीची समकक्षता तपासली जाते, आणि मान्यता मिळेपर्यंत बीएस्सी झालेली परिचारिकासुद्धा सहायक म्हणूनच काम करते, सहायकाच्याच पगारावर.

इकडचा हिशेबही मांडायला हवा. गरीब देशांतून आरोग्य कर्मचारी ओढून नेऊ नयेत, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१०मध्ये आचारसंहिता केली आणि २०२३मध्ये ५५ देशांची यादी जाहीर केली. पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ त्यात आहेत. भारत नाही, त्यामुळे भारतातून भरती करणाऱ्यावर ठपका येत नाही. भारतात हजार लोकसंख्येमागे परिचारिका दोनच्या आसपास आहेत, जर्मनीत बाराच्या. तरीही इथली शिकलेली परिचारिका बेरोजगार किंवा कंत्राटी राहू शकते, कारण मंजूर पदे भरली जात नाहीत. मे २०२२मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिका कंत्राटी भरतीच्या विरोधात संपावर गेल्या, त्याच महिन्यांत ऱ्हाइनकाठच्या परिचारिका वॉर्डात जोडीदार द्या म्हणून संपावर होत्या.

जर्मनीतल्या संशोधकांनी त्याच वर्षी काम सोडलेल्या आणि अर्धवेळ झालेल्या परिचारिकांना विचारले, तुम्ही परत याल का? कामाच्या अटी सुधारल्या तर किमान तीन लाख पूर्णवेळ पदांइतके मनुष्यबळ परत येऊ शकेल, असे उत्तर मिळाले. पाळी आदल्या दिवशी बदलू नये, रुग्णांमागे पुरेसे हात असावेत, वरिष्ठांनी आदराने बोलावे, अशा त्यांच्या अटी होत्या. त्यांच्याकडे भाषा आहे, पदवी आहे, अनुभव आहे, व्हिसाची गरज नाही. त्यांना परत आणायचे तर रुग्णालयाचे रोजचे कामकाज बदलावे लागते. हजारो किलोमीटरवरून नवी परिचारिका आणली तर ते बदलण्याची निकड टळते, निदान काही काळ.

काही काळच, कारण नव्याने आलेलीही त्याच पाळीवर, तितक्याच रुग्णांमागे उभी राहते. ब्रिटनच्या नोंदवहीतून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिकेकडे जाणाऱ्या परिचारिकांची संख्या २०२२-२३मध्ये झपाट्याने वाढली. त्यांच्यात बहुसंख्य मूळच्या ब्रिटनबाहेर शिकलेल्या होत्या, आणि त्यात भारतीय सर्वांत पुढे.